इमारती दिल्या, आता शिक्षक द्यावेत

बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक पदवी–बी.एड. अभ्यासक्रम आणि व्यापारी कुटुंबे

कर्मभूमीच्या आरंभी भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा साधने शिकविली, असे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात वर्णन आहे. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही ती षट्कर्मे. त्यांतील विद्या म्हणजे शास्त्र शिकवून चालविलेली उपजीविका, आणि तिला लागूनच वाणिज्याचा उल्लेख येतो. भगवंतांनी आपल्या दोन कन्यांपैकी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, ही कथा तर पाठशाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. णमोकार मंत्रातील चौथे वंदन उपाध्याय परमेष्ठींना आहे. संघाला शिकविणे हेच त्यांचे कार्य होय. ज्या परंपरेत अध्यापनाला एवढे उच्च स्थान आहे, त्या परंपरेतील व्यापारी घरात एखादा मुलगा वा मुलगी ‘मला शिक्षक व्हायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा घर क्षणभर गप्प का होते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

बाजारपेठेतील घरात

बारावीचा निकाल लागला की पेठेतील घराघरांत एकच विषय असतो. कोणी सी.ए.ची तयारी करणार, कोणी अभियांत्रिकीला जाणार, कोणी बी.कॉम. करता करता दुकानात बसणार. अशा वेळी अध्यापनाचे नाव निघाले तर उत्तरे ठरलेली असतात. ‘मास्तर होऊन काय मिळवणार?’ असे आजोबा म्हणतात. ‘आधी साधी पदवी घे, बी.एड.चे नंतर पाहू’, असे वडील म्हणतात. मुलगी असेल तर एखादी आत्या किंवा मावशी सांगते, ‘चांगले आहे, लग्नानंतर सोयीचे पडते.’ विरोधाचा सूर असो वा संमतीचा, दोन्हींत एक गृहीत धरलेले असते की अध्यापन हा दुसरे काही न जमल्यास स्वीकारायचा व्यवसाय आहे.

वास्तविक याच कुटुंबांनी शाळांसाठी कधी हात आखडता घेतलेला नाही. महाराष्ट्रात आणि सीमाभागात गावोगावच्या विद्यालयांच्या भिंतींवर, वसतिगृहांच्या प्रवेशद्वारांवर आणि ग्रंथालयांच्या पाट्यांवर समाजातील दात्यांची नावे कोरलेली आहेत. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी ज्ञानदानाचा मार्ग श्रावकांनी इमारतींच्या रूपाने उदारपणे चालविला. त्या इमारतींत उभे राहून शिकविण्यासाठी मात्र आपल्या घरातील माणूस क्वचितच दिला. आज बारावीनंतर थेट शिक्षक घडविणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम उपलब्ध होत असताना या उणिवेकडे नव्याने पाहणे शक्य झाले आहे.

नवा मार्ग कोणता?

आजवरचा परिचित मार्ग असा होता: तीन वर्षांची पदवी आणि त्यानंतर बी.एड. पूर्वी एक वर्षाचा असलेला बी.एड. अभ्यासक्रम २०१४ च्या नियमावलीनंतर दोन वर्षांचा झाला. म्हणजे बारावीनंतर एकूण पाच वर्षे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला आणि २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता म्हणून हीच पदवी असावी, असे उद्दिष्ट ठेवले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०२१ मध्ये त्याचे नियम अधिसूचित केले आणि २०२३–२४ या शैक्षणिक वर्षापासून देशातील निवडक ५७ संस्थांमध्ये प्रायोगिक तत्त्वावर प्रारंभ झाला. आयआयटी खरगपूर आणि एनआयटी कालिकत यांसारख्या तंत्रशिक्षण संस्थांनीही हा अभ्यासक्रम स्वीकारला, हे अनेक पालकांना नवल वाटेल.

या अभ्यासक्रमाच्या तीन शाखा आहेत: बी.ए.–बी.एड., बी.एस्सी.–बी.एड. आणि बी.कॉम.–बी.एड. विद्यार्थी आपला विषय आणि शिक्षणशास्त्र या दोहोंचा अभ्यास पहिल्या वर्षापासून समांतर करतो आणि आठ सत्रांअखेर दोन्हींची मिळून पदवी घेतो. शालेय शिक्षणाच्या नव्या रचनेनुसार पायाभूत, पूर्वाध्ययन, मध्य आणि माध्यमिक असे चार स्तर मानले आहेत. यांपैकी कोणत्या स्तरावर शिकवायचे, त्यानुसार तयारीही वेगळी असते. सहा वर्षांच्या बालकाला वाचायला शिकविणे आणि पंधरा वर्षांच्या मुलाला बीजगणित शिकविणे या दोन भिन्न विद्या आहेत, हे त्यामागील तत्त्व.

कल्पना अगदी नवी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक महाविद्यालये १९६० च्या दशकात याच विचाराने उभी राहिली. आज ती प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणून ओळखली जातात. महाराष्ट्र आणि गोव्याचा समावेश भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात होतो. तेथे महाविद्यालयाला जोडून प्रात्यक्षिक शाळा आहे. सकाळी वर्गात ऐकलेले तत्त्व त्याच आवारातील मुलांसमोर पारखून पाहता यावे, अशी ती व्यवस्था आहे.

शिकविणेही शिकावे लागते

‘विषय येत असला की शिकविता येते’ हा समज सर्वत्र आढळतो. व्यापारी माणसाला तो मान्य होण्याचे कारण नाही. मालाची माहिती असणे आणि दुकान चालविता येणे यांतील अंतर त्याला जन्मापासून ठाऊक असते. दुकानदाराचा मुलगा आधी गादीजवळ नुसता बसतो. मग माल झटकतो, वजन करतो, वडील गिऱ्हाइकाशी कसे बोलतात ते ऐकतो. काही काळाने रोजमेळ लिहितो. उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला नाही, हे त्याला पुस्तकाने शिकविलेले नसते. ते कळू लागल्यावरच खरेदीचे व्यवहार आणि शेवटी तिजोरीच्या किल्ल्या हाती येतात.

अध्यापनही असेच हळूहळू अंगी मुरते. एक साधे उदाहरण पाहावे. ०.२५ आणि ०.५ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारले असता पाचवी-सहावीतील अनेक मुले ०.२५ असे उत्तर देतात. कारण पंचवीस हे पाचांहून मोठे. हाच मुलगा संध्याकाळी दुकानात पाव किलो आणि अर्धा किलो यांच्या वजनांत कधी चूक करीत नाही. केवळ विषय जाणणारा माणूस उत्तरावर फुली मारून पुढे जाईल. प्रशिक्षित शिक्षक त्या चुकीमागचा विचार शोधतो. पूर्ण संख्यांचा नियम मुलाने दशांशांना लावला आहे, हे त्याच्या ध्यानात येते. मग तो मुलाला तराजूची आठवण करून देतो आणि ०.२५ किलो म्हणजे पाव किलो, ०.५ किलो म्हणजे अर्धा किलो, अशी सांगड घालून देतो. गणित तेच राहते. मुलाच्या मनातील वाट मात्र ओळखावी लागते.

ही ओळख काही महिन्यांच्या घाईत येत नाही. म्हणूनच एकात्मिक अभ्यासक्रमात वर्गनिरीक्षण, पाठ टाचण, सहाध्यायांसमोर घेतलेले सराव पाठ, आशययुक्त अध्यापन पद्धती, समाजसंपर्काचे काम आणि प्रत्यक्ष शाळेतील आंतरवासिता असे टप्पे चार वर्षांत विभागलेले असतात. पहिल्या वर्षी शेवटच्या बाकावर बसून अनुभवी शिक्षकाचे अध्यापन पाहणारा छात्राध्यापक पुढे स्वतः फळ्यासमोर उभा राहतो. त्याचा पहिला पाठ बहुधा फसतो. नियोजनात चाळीस मिनिटे धरलेली असतात आणि सांगण्यासारखे सारे पंधराव्या मिनिटालाच संपते. उरलेल्या वेळात वर्गातील गलबला वाढत जातो. तास संपल्यावर मार्गदर्शक त्याला बाजूला घेऊन काय चुकले ते समजावितो आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात पुन्हा पाठवितो. गादीजवळ बसून शिकण्याचाच हा प्रकार होय.

समाजातीलच दोन नावे

अध्यापक घडविण्याच्या कार्याशी समाजाचे नाते जुने आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी काही काळ विक्रेता म्हणून काम केले. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या कारखान्याचा माल घेऊन ते गावोगाव हिंडले. या फिरतीत खेड्यांतील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. या कार्यात कर्मवीरांना लवकरच उमगले की खेड्यांत शाळा काढायच्या तर त्या चालविणारे शिक्षक आधी तयार केले पाहिजेत. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय उघडले. संस्थेचे पहिले कला-विज्ञान महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले. शिक्षक घडविण्याचे काम त्याच्याही बारा वर्षे आधी सुरू झाले होते.

दुसरे नाव डॉ. दौलतसिंह कोठारी यांचे. उदयपूरच्या जैन कुटुंबात १९०६ मध्ये जन्मलेले हे पदार्थवैज्ञानिक एका मुख्याध्यापकाचे पुत्र होते. १९६४ ते १९६६ या काळातील ज्या शिक्षण आयोगाला देश ‘कोठारी आयोग’ म्हणून ओळखतो, त्याचे ते अध्यक्ष. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांच्या ज्ञानव्यवहारापासून आणि शाळांच्या दैनंदिन जीवनापासूनही तुटलेले आहे, हा त्या आयोगाचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. हे तुटलेपण दूर व्हावे, असा त्याचा आग्रह होता. विषयज्ञान, शिक्षणशास्त्र आणि शाळा यांना एकत्र आणू पाहणारा आजचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याच दिशेने टाकलेले पाऊल आहे.

हिशेबाची बाजू

व्यापारी कुटुंबात निर्णयाआधी हिशेब मांडला जातो आणि तो मांडलाही पाहिजे. अध्यापनाच्या व्यवसायात झटपट प्राप्ती नाही, हे प्रथम स्वीकारावे. महाराष्ट्रात अनुदानित शाळांतील नवनियुक्त शिक्षकाला आरंभीची तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर काम करावे लागते. २०२३ मध्ये हे मानधन वाढवून प्राथमिक स्तरावर दरमहा १६,०००, माध्यमिक स्तरावर १८,००० आणि उच्च माध्यमिक स्तरावर २०,००० रुपये करण्यात आले. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी लागू होते. पेठेतील बऱ्यापैकी चालणाऱ्या दुकानाशी या आकड्यांची तुलना केली तर अध्यापनाचे पारडे वर जाईल, हे उघड आहे.

पदवी मिळाली की नोकरी मिळाली, असेही नाही. पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असते. राज्यातील भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते आणि पवित्र पोर्टलवर नोंदणी करावी लागते. भरतीची प्रतीक्षा कधी लांबते. बी.कॉम.–बी.एड. करू पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अकरावी-बारावीला वाणिज्य विषय शिकविण्यासाठी पदव्युत्तर पदवीही लागते. कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकविण्याची इच्छा असणाऱ्याने चार वर्षांनंतर एम.कॉम.ची तयारी मनात ठेवावी.

हिशेबाची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. परिचित मार्गाच्या तुलनेत एक वर्ष वाचते. त्या वर्षाचे शुल्क, वसतिगृहाचा खर्च आणि तरुणपणाचा काळ वाचतो. मुख्य लाभ मात्र आकड्यांत मांडता येत नाही. पदवीनंतर दुसरे काही साधले नाही म्हणून बी.एड.कडे वळलेला आणि अठराव्या वर्षी ठरवून या वाटेने निघालेला, अशा दोन शिक्षकांतील फरक विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात कळतो.

एवढ्या लहान वयात निर्णय कसा घ्यावा, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय सोपा आहे. दहावी-बारावीच्या सुट्टीत मुलाला पाठशाळेत लहान मुलांना शिकवू द्यावे. शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेऊ द्यावी. आठवड्यानंतर तो कंटाळतो की तेच उदाहरण दुसऱ्या रीतीने कसे सांगावे याचा विचार करीत घरी येतो, हे पालकांनी पाहावे. ज्यांचा निश्चय झालेला नाही त्यांच्यासाठी जुना मार्ग बंद झालेला नाही. पदवीधरांसाठी दोन वर्षांच्या आणि चार वर्षांची वा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची तरतूद राष्ट्रीय धोरणातच आहे.

प्रवेशापूर्वी पारख

एकात्मिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी राष्ट्रीय चाचणी संस्था राष्ट्रीय सामायिक प्रवेश परीक्षा घेते. तेरा भाषांत होणाऱ्या या परीक्षेत मराठीचाही समावेश आहे. भाषा, निवडलेले विषय, सामान्य ज्ञान आणि अध्यापन अभियोग्यता असे तिचे विभाग असतात. बी.ए.–बी.एड. व बी.एस्सी.–बी.एड. या नावांचे जुने चार वर्षांचे अभ्यासक्रमही महाराष्ट्रात चालत आले आहेत आणि त्यांच्यासाठी राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने स्वतंत्र परीक्षा घेतल्या आहेत. हे जुने अभ्यासक्रम नव्या स्वरूपात आणण्याचे परिषदेचे धोरण आहे. त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीची मान्यता पाहूनच अर्ज करावा.

माल घेताना व्यापारी जशी पारख करतो तशी महाविद्यालयाचीही करावी. परिषदेची मान्यता नेमक्या कोणत्या शाखेला आणि कोणत्या स्तराला आहे? मूळ विषयाचे प्राध्यापक पूर्णवेळ आहेत काय? आंतरवासितेसाठी कोणत्या शाळा जोडलेल्या आहेत आणि मार्गदर्शक तेथे प्रत्यक्ष जातात काय? मध्येच अभ्यास सोडावा लागल्यास हाती काय उरते? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे देणारे महाविद्यालय विश्वासार्ह समजण्यास हरकत नाही.

‘हजर राहण्याची गरज नाही, परीक्षेचे आम्ही पाहून घेऊ’ असे आश्वासन जेथे मिळते, तेथून मात्र माघारी फिरावे. कमी वजनाचा माल पूर्ण दराने विकणे हा अचौर्य अणुव्रताचा भंग आहे, असे आपल्या घरांत शिकविले जाते. न शिकता मिळविलेल्या पदवीच्या आधारे पुढची तीस वर्षे मुलांसमोर उभे राहणे हा त्याहून मोठा दोष होय. कारण त्यात नुकसान होते ते तक्रार करू न शकणाऱ्या बालकांचे. नोकरीसाठी संस्थाचालकांना रक्कम मोजण्याचीही हीच कथा. ज्याने पैसे देऊन जागा घेतली, त्याने विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणाचा धडा कोणत्या तोंडाने द्यावा?

समाजाने करावयाचे काम

हा विषय एकेका कुटुंबावर सोडून चालणार नाही. समाजाच्या न्यासांतर्फे चालणाऱ्या शाळांनी छात्राध्यापकांसाठी आपले वर्ग खुले करावेत आणि आपले उत्तम शिक्षक त्यांचे मार्गदर्शक म्हणून नेमावेत. शिष्यवृत्तीच्या याद्यांत वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचाही रकाना असावा. एका सभागृहाच्या बांधकामाला लागणाऱ्या निधीत कितीतरी विद्यार्थ्यांची चार वर्षांची फी आणि वसतिगृहाचा खर्च भागेल. शाळेतील जागा भरताना नात्यापेक्षा पात्रतेला मान द्यावा. तसे झाले तरच गुणी तरुण या वाटेने येतील. शिक्षण सेवकाच्या तीन वर्षांत घराने थोडा आर्थिक आधार दिला तर अनेकांची घडी नीट बसेल. दुकान सुरू करताना भांडवल दिले जाते, पहिल्या दोन-तीन वर्षांत नफ्याची घाई केली जात नाही. तोच धीर येथेही हवा.

मुलींच्या बाबतीत दृष्टी बदलणे अधिक निकडीचे आहे. ‘लग्नानंतर सोयीचे’ म्हणून दिलेली संमती बहुधा लग्नानंतर मागेही घेतली जाते. चार वर्षे अभ्यासून, मुलांत राबून जिने हे व्यावसायिक कौशल्य मिळविले आहे, तिची नोकरी चालू राहील की नाही याचा विचार स्थळ पाहतानाच स्पष्टपणे व्हावा. देण्याघेण्याच्या इतर गोष्टी दोन्ही घरे मोकळेपणाने बोलतात, तेथे हीही बोलावी.

या उन्हाळ्यातही पेठेतील एखाद्या घरात जेवणानंतर हा विषय निघेल. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी ‘काय मिळवणार?’ हा प्रश्न जरूर विचारावा. तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. त्याच्या जोडीला ‘कोणत्या इयत्तेला शिकवायला आवडेल?’ हाही विचारावा. मुलाकडे त्याचे उत्तर तयार असेल तर बाकीचा हिशेब घराने मिळून मांडावा.